ठाण्याच्या किल्ल्याची रचना व वार्तेची वाट

(१)

राज्याच्या हेरखात्यास स्वतःचें असें एक मुख्य घर असावें, आणि त्या घराचे दरवाजे, दालनें व पहारे त्याच कामाच्या सोयीनें योजलेले असावे, ही कल्पना आमच्या जुन्या राज्यव्यवहारांत रुजलेली दिसत नाहीं. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांची जी यादी सामान्यतः सांगण्यांत येते, तींत तोफखाना आहे, दारूखाना आहे, पीलखाना आहे, शरबतखानासुद्धां आहे. पण वार्तेच्या कामास वाहिलेला असा कारखाना नाहीं. ह्याचा अर्थ तें काम होत नव्हतें असा नव्हे. सुरतेची बातमी बहिर्जी नाईकानें आणल्याचें सभासदानें नमूद केलें आहे, व १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं त्या पेठेवर केलेली स्वारी सर्वश्रुत आहे. काम होतें, माणसें होतीं. इमारत तेवढी नव्हती.

ज्यांनीं पेशवाईंतील पत्रांचे रुमाल स्वतः सोडून वाचले आहेत, त्यांस ह्याचें कारण सांगावयास नको. पत्र जासूदजोडीबरोबर रवाना होतें. मजकूर रंगांत येतो न येतो तोंच लेखक हात आखडता घेतो आणि उरलेली गोष्ट मुखजबानी सांगण्यावर सोडतो. म्हणजे पत्रांतील सर्वांत नाजूक भाग पत्रांत नसतोच. तो जासुदाच्या तोंडीं असतो. वाटेंत कागद शत्रूच्या हातीं लागला तरी गुप्त गोष्ट हातीं लागत नाहीं. अशा पद्धतीस भिंतींची गरज नव्हती; पाय व जीभ हेंच तिचें घर होतें. नाना फडणिसांच्या काळीं निरनिराळ्या दरबारांतील वकिलांचीं पत्रें एका कारभाऱ्याच्या हातीं एकवटूं लागलीं, आणि मेणवलीच्या वाड्यांतील दफ्तर हें त्या उद्योगाची साक्ष होऊन राहिलें; तथापि तेंही एका मुत्सद्द्याचें घरगुती दफ्तर होतें, खात्याची कचेरी नव्हे.

वार्ता जमविण्यासाठीं ठरलेलें घर, ठरलेला अधिकारी व त्यासाठीं ठरलेला खर्च हा प्रकार पुण्यांत ठळकपणें दिसतो तो मुळा-मुठेच्या संगमावरील इंग्रजांच्या रेसिडेन्सींत. त्या घराचा विचार आम्ही पुढें करणार आहों. परंतु प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय ठाण्याचा किल्ला हा आहे. हा किल्ला कांहीं हेरांसाठीं बांधलेला नव्हता. तो तोफांसाठीं बांधलेला होता. असें असूनही १७३७, १७३८, १७७४ व १८१६ ह्या चारही प्रसंगीं त्याच्या नशिबीं जें आलें, त्याचा आरंभ तोफेनें झाला नाहीं. कोणास काय आधीं कळलें, ह्यानें झाला. तट कितीही कुशलतेनें बांधला तरी वार्तेची वाट तो अडवूं शकत नाहीं, आणि ज्यानें ती वाट अडविण्यासाठीं भाषेचाच बंदोबस्त केला त्यास तोच बंदोबस्त भोंवला, हें ह्या एका इमारतीच्या इतिहासावरून दाखवावें असा आमचा हेतु आहे.

(२)

ठाणें हें साष्टी बेटाच्या ईशान्य अंगास आहे. समोर खाडी, खाडीपलीकडे कळवें व त्यामागें पारसिकचा डोंगर. उत्तरेस खाडीपलीकडे भिवंडीकडील गांवें. आणि जलमार्गानें वर गेलें कीं कल्याण. डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांस वसई व तिच्या खालचा हा प्रदेश मिळाला. त्यानंतर जवळ जवळ दोनशें वर्षें त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य स्थळ वसई हेंच राहिलें. ठाण्यास खाडीच्या नाक्यावर लहान बुरूज व चौक्या होत्या. मोठा किल्ला नव्हता. कल्याण मराठ्यांच्या ताब्यांत आल्यावर ही स्थिति धोक्याची झाली. कल्याणाहून गलबत ओहोटीबरोबर सोडलें कीं तें ठाण्यापुढें येतें, हें पोर्तुगीजांसही कळत होतें. म्हणून १७३० च्या सुमारास त्यांनीं खाडीच्या कांठीं नवा किल्ला उभारण्यास हात घातला.

ह्या किल्ल्याची जात आमच्या डोंगरी किल्ल्यांहून वेगळी आहे. डोंगरी किल्ला उंचीचा आश्रय घेतो; सपाटीवरील हा किल्ला भूमितीचा आश्रय घेतो. भिंत उंच करण्यापेक्षां रुंद करावयाची, म्हणजे तोफेचा गोळा तींत रुततो. आणि बुरूज गोल न करतां पुढें निमुळता, कोनाकार करावयाचा. गोल बुरुजाच्या पायथ्याशीं थोडी जागा अशी राहते कीं ती कोणत्याही तोफेच्या माऱ्यांत येत नाहीं, आणि सुरुंग लावणारा शत्रु नेमका तेथें येऊन बसतो. कोनाकार बुरुजाच्या बगलेंतून शेजारच्या तटाचा पायथा व पलीकडच्या बुरुजाचें तोंड दिसतें. त्यामुळें प्रत्येक बुरूज दुसऱ्याचा पहारेकरी होतो. बाहेर खंदक. सारांश, ह्या रचनेचें तत्त्व एकच : तटाबाहेरील एकही हात जागा नजरेबाहेर राहूं नये. ही डोळ्याची इमारत आहे. कानाचा विचार तींत केलेला नाहीं.

शिवाय, अशा किल्ल्याचा एक स्वाभाविक दोष असा कीं, बांधला जात असतां तो लपवितां येत नाहीं. डोंगरावरचें काम खालच्या गांवास दिसत नाहीं. येथें चुना, वीट, दगड, गवंडी व बिगारी हें सर्व आसपासच्या गांवांतून यावयाचें. कोणता बुरूज पुरा झाला, कोणत्या बाजूचा तट अजून कमरेइतकाच आहे, हें काम करून सायंकाळीं घरीं परतणाऱ्या प्रत्येक माणसास ठाऊक. पोर्तुगीजांस हें न समजण्यासारखें नव्हतें, कारण हाच डाव ते स्वतः एकदां खेळले होते. कल्याण व भिवंडी १६५७ सालीं शिवाजी महाराजांच्या हातीं आल्यावर महाराजांनीं तेथें लढाऊ गलबतें बांधण्यास आरंभ केला व त्या कामावर रुय लेतांव व्हियेगश नांवाच्या पोर्तुगीज कारागिराची नेमणूक केली. हीं गलबतें उद्यां आपल्याच समुद्रांत फिरतील, हें ध्यानीं घेऊन वसईच्या अधिकाऱ्यानें १६५९ सालीं त्या कारागिरांस काम सोडून परत येण्यास लावलें. बांधणाऱ्याच्या डोक्यांत काय असतें ह्याची किंमत ज्यांस कल्याणांत कळली होती, त्यांनीं ऐंशी वर्षांच्या आंत ठाण्यांत तीच चूक केली.

(३)

१७३७ सालचा प्रसंग. साष्टींतील व आसपासचे हिंदु वतनदार पोर्तुगीजांच्या धर्मविषयक जाचास कंटाळले होते. खाडीपलीकडील अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु, आणि मालाडचे अंताजी रघुनाथ, ह्या मंडळींनीं पुणें दरबाराशीं संधान बांधलें. त्यांजपाशीं फौज नव्हती, पैका थोडा, पण एक वस्तु होती ती पेशव्यांच्या कोणत्याही सरदारापाशीं नव्हती. खाडीचा उतार कोठें, भरती-ओहोटीची वेळ कोणती, चौकीवर माणसें किती, आणि नव्या किल्ल्याची कोणती बाजू अपुरी, ही माहिती त्यांस घरच्या ओसरीवर बसून मिळत होती. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेची पहिली चाल वसईवर न होतां वसईबरोबरच ठाण्यावर झाली, ती ह्या माहितीच्या बळावर.

तारखेविषयीं येथें एक खुलासा करणें इष्ट आहे, कारण संग्राहकांस दोन प्रकारचे कागद आढळतात व गोंधळ होतो. मराठी मितीचें रूपांतर आपले इतिहासकार १७५२ पूर्वींच्या काळासाठीं जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें करतात, त्या हिशेबानें ठाण्यावरील हल्ला मार्च १७३७ च्या अखेरच्या आठवड्यांत पडतो. पोर्तुगीज लोक पोप ग्रेगरीचें सुधारलेलें पंचांग चालवीत, त्यामुळें त्यांच्या कागदांत तोच प्रसंग एप्रिलच्या आरंभीं दिसतो. अंतर अकरा दिवसांचें आहे. घटना एकच आहे.

हल्ला रात्रीं झाला. किल्ला पुरा झालेला नव्हता व मराठ्यांस तें नेमकें ठाऊक होतें. ठाणें पडलें तेव्हां साष्टीचें दार उघडलें, आणि वसई पुढें मे १७३९ पर्यंत झुंजली तरी तिचा दक्षिणेकडील आधार त्याच रात्रीं तुटला. जी इमारत आपण रोखण्यासाठीं बांधली ती शत्रूच्या हातीं गेली, आणि उरलेलें बांधकाम मराठ्यांनीं पुरें केलें.

ह्या प्रसंगाची हकीकत सांगणारी 'साष्टीची बखर' वाचतांना एक सावधगिरी बाळगावी लागते. तींत अंजूरकर घराण्याची कामगिरी फार ठळक आहे, व ज्या घराण्यास कामगिरीबद्दल इनामें मिळतात त्या घराण्याच्या स्मृतींत ती कामगिरी मागाहून वाढते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. परंतु पेशवे दफ्तरांतील वसईच्या मोहिमेचे समकालीन कागद तिच्या शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे मुख्य गोष्ट टिकते : मोहिमेच्या आधीं वार्ता होती, आणि ती वार्ता स्थानिक माणसांची होती. किती शूर कोण, ह्याविषयीं वाद करावा. आधीं कोणास काय ठाऊक होतें, ह्याविषयीं बखर व कागद यांचें एकमत आहे.

(४)

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षाचा. डिसेंबर १७३८ मध्यें पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा सेनापति पेद्रो द मेलो ठाणें परत घेण्यास खाडींतून चालून आला. ह्या वेळीं किल्ला मराठ्यांचा होता व कोनाकार बुरुजांवरील तोफा ज्यांनीं बसविल्या त्यांच्याच जातभाईंवर रोखलेल्या होत्या. पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्यानें मेला व हल्ला मोडला. रचनेचा हा विजय खरा. पण त्याच्याही आधीं एक गोष्ट घडलेली होती. पोर्तुगीजांच्या तयारीची सूचना मुंबईच्या इंग्रजांनीं मराठ्यांस आगाऊ दिली व दारूगोळाही पुरविला, असें ग्रँट डफ लिहितो. मुंबईचा त्या वेळचा गव्हर्नर जॉन हॉर्न हा होता. एकाच ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्या शेजाऱ्यानें शेजाऱ्याची बातमी विकली. ठाण्याचा तट वांचला तो प्रथम त्या बातमीनें, मग तोफेनें.

तिसरा प्रसंग १७७४ चा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला, पुणें दरबारांत फूट पडली, आणि इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यांत बसून तें सर्व मुंबईस कळवीत होता. इंग्रजांचा डोळा साष्टीवर पूर्वींपासून होताच. डिसेंबर १७७४ मध्यें त्यांस खात्रीची वार्ता लागली कीं, गोव्यास साष्टी व वसई परत घेण्याची मोठी तयारी चालू आहे. तहाची बोलणीं तशींच ठेवून त्यांनीं जनरल गॉर्डन याच्या हाताखालीं फौज ठाण्यावर धाडली. फौज मुंबईहून हलते न हलते तोंच पोर्तुगीज आरमार बंदराच्या तोंडाशीं येऊन उभें राहिलें व निषेध करूं लागलें. पण एव्हांना उशीर झाला होता. थोड्या दिवसांचें अंतर, आणि तें केवळ वार्तेनें मिळविलेलें.

ह्या वेढ्यांत मात्र किल्ल्याच्या रचनेनें आपला गुण दाखविला. २७ डिसेंबरच्या रात्रीं खंदक भरून काढण्याचा इंग्रजांचा प्रयत्न मराठ्यांनीं हाणून पाडला, व त्यांत इंग्रजांचे सुमारें शंभर गोरे शिपाई कामास आले. आरमाराचा अधिकारी कमोडोर वॉटसन वेढ्यांत लागलेल्या जखमेनें मेला. दुसऱ्या दिवशीं, २८ तारखेस, इंग्रजांनीं पुन्हां हल्ला करून किल्ला घेतला व आंतील शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल केली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. असा हा किल्ला पोर्तुगीजांनीं आरंभिला, मराठ्यांनीं पुरा केला आणि इंग्रजांनीं उपभोगिला.

(५)

आतां चौथा प्रसंग, आणि आमच्या मतें सर्वांत बोधप्रद.

निमगांव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे यांस दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी म्हणून सर्व ओळखतात. परंतु त्यांचा आरंभ कारभारांत झाला नव्हता. ते मूळ जासूद. १८०२ सालीं हडपसरच्या लढाईनंतर बाजीराव महाडास पळाला असतां तेथून पुण्यास पत्र पोंचवून त्याचें उत्तर अनपेक्षित त्वरेनें घेऊन आल्यामुळें ते धन्याच्या नजरेस आले, असें ग्रँट डफ सांगतो. म्हणजे ज्या माणसास पुढें इंग्रजांनीं ठाण्यांत कोंडलें तो पेशवाईच्या वार्ताखात्यांत वाढलेला माणूस होता. त्यास कोंडतांना हें लक्षांत राहिलें नाहीं.

बडोद्याहून इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आलेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास खून झाला. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें त्रिंबकजींस जबाबदार धरलें. बाजीरावानें प्रथम त्यांस वसंतगडास ठेवून वेळ मारून नेण्याचा यत्न केला. पण शेवटीं सप्टेंबर १८१५ मध्यें इंग्रजांच्या स्वाधीन केलें, व इंग्रजांनीं त्यांस ठाण्याच्या किल्ल्यांत आणून ठेविलें.

येथें इंग्रजांनीं जी योजना केली ती वरवर पाहतां शहाणपणाची होती. हिंदी शिपाई फितूर होतील, पैशास किंवा पेशव्याच्या नांवास भुलतील, ही भीति. म्हणून पहारा सर्व गोऱ्यांचा ठेविला. आंतील माणसांस बाहेरच्यांचें बोलणें कळूं नये म्हणजे संगनमत होणार नाहीं, असा हा हिशेब. परंतु ज्या भिंतीस दोन बाजू असतात तशा भाषेसही असतात. कैद्याशीं बोलूं शकेल असा माणूस पहाऱ्यावर नको, असें ठरवितांना कैद्याशीं कोणी बोललें तर तें समजेल असाही माणूस पहाऱ्यावर उरला नाहीं. कोनाकार बुरुजांच्या त्या किल्ल्यांत तटाबाहेरची एक हात जागा नजरेआड नव्हती. आणि तटाच्या आंत मात्र कैद्याच्या खिडकीखालीं सर्व मोकळें रान होतें.

किल्ल्यांतील एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पदरीं मराठा मोतद्दार होता. धन्याचा घोडा फिरवावयास नेतांना तो त्रिंबकजींच्या खिडकीवरून येई-जाई, आणि येतां-जातां सहज म्हणून गाणें गुणगुणे. मोतद्दारानें घोडा फिरवितांना गाणें म्हणूं नये असा नियम कोणत्या छावणींत असणार? पहारेकऱ्यांस तें गाणें होतें. कैद्यास ती बातमी होती. बाहेर कोण आलें आहे, काय ठरलें आहे, हें सर्व त्या गाण्यांतून आंत गेलें.

१२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी अंधाऱ्या रात्रीं त्रिंबकजी निसटले. शौचकूपाच्या भिंतीस शेजारच्या तबेल्याकडून भोंक पाडलेलें होतें. त्यांतून ते पलीकडे गेले व तटावरून दोरानें उतरले, असा इंग्रजी वृत्तांतांचा आशय आहे. भोंक पडलें तें तबेल्याच्या बाजूनें, म्हणजे मोतद्दारांचा जेथें नित्य वावर त्या बाजूनें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खंदक, तट, बुरूज हे सर्व बाहेरून येणाऱ्यासाठीं होते. आंतून जाणाऱ्यासाठीं त्यांचा उपयोग एका दोराइतकाच उरला.

परिणाम लहान झाला नाहीं. त्रिंबकजींनीं डोंगरांतून व खानदेशाकडून माणसें जमविण्यास आरंभ केला. त्यांस बाजीरावाचा पैका पोंचतो असा एल्फिन्स्टनचा आरोप. मे १८१७ मध्यें त्यांच्या स्वाधीनतेसाठीं सिंहगड, पुरंदर व रायगड ओलीस मागण्यांत आले. आणि १३ जून १८१७ च्या पुणें येथील तहानें पेशव्याचें मराठमंडळावरील प्रमुखत्व कागदोपत्रीं संपलें. राज्य ह्या एका पलायनानें गेलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण मोडण्यास निमित्त लागतें, व तें निमित्त ठाण्याच्या तबेल्यांतून बाहेर पडलें.

(६)

ह्या प्रसंगाच्या साधनांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

मुख्य साधनें दोन. पहिलें ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास. डफ त्या काळीं दक्षिणेंत नोकरीस होता, व एल्फिन्स्टनच्या निकट वर्तुळांतील होता. तो मोतद्दार, घोडा, खिडकी व गाणें इतकें सांगतो; गोऱ्यांस भाषा न आल्यामुळें तें ओळखतां आलें नाहीं, असेंही स्पष्ट म्हणतो; परंतु गाण्याचे शब्द देत नाहीं. दुसरें साधन बिशप हेबरचें प्रवासवृत्त. हेबर १८२५ मध्यें ठाण्यास आला. पलायनास तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. त्यानें गाण्याचा आशय इंग्रजी पद्यांत दिला आहे : झुडपांआड लपलेले सोबती, झाडाखालीं उभा घोडा, आणि त्यावर बसणाऱ्याची वाट. हेबर स्वतः कवि होता. त्याच्या हातीं आल्यावर गोष्टीस स्कॉटलंडच्या सीमेवरील पोवाड्यांची कळा आली आहे, व त्यास स्वतःसही तशी आठवण झाली होती.

ह्या दोहोंतील भेद संशोधकानें पुसूं नये. डफच्या लेखनावरून गाणें हें बातमी पोंचविण्याचें साधन ठरतें, म्हणजे त्याचे शब्द रोजच्या रोज बदलत असले पाहिजेत. हेबरच्या लेखनावरून तें एक ठाम रचलेलें पद ठरतें. आम्हांस पहिलें अधिक संभवनीय वाटतें. जासुदास रोज नवी वार्ता द्यावयाची असते. एकच पद वर्षभर म्हणून भागत नाहीं. हेबरनें दिलेलें पद हें, फार तर, पळून जाण्याच्या सुमाराचें एखादें गाणें किंवा पलायनानंतर लोकांच्या तोंडीं रुळलेली त्याची आठवण असेल.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मूळ मराठी शब्द दोघांपैकीं एकानेंही दिले नाहींत. मोतद्दाराचें नांवही दिलें नाहीं. ज्यांस तें गाणें समजलें त्यांनीं तें लिहिलें नाहीं. ज्यांनीं त्याविषयीं लिहिलें त्यांच्या पहाऱ्यास तें समजलें नव्हतें. किल्ल्याच्या बंदोबस्तांत जो दोष होता तोच ह्या प्रसंगाच्या पुराव्यांत उतरला आहे.

(७)

आतां संगमावरील रेसिडेन्सीकडे वळूं, कारण ठाण्याच्या किल्ल्याची खरी तुलना तिच्याशींच आहे.

चार्ल्स मॅलेट १७८६ मध्यें पुण्यास वकील म्हणून आला, व संगमावर इंग्रजांचें घर वसलें. १८११ पासून तेथें एल्फिन्स्टन होता. त्या घरास ना तट, ना खंदक, ना बुरूज. नदीकांठचे बंगले व बाग. परंतु शहरांतील वार्ता तेथें येत होती, आणि ती समजण्यास तेथें मराठी जाणणारीं माणसें होतीं. खुद्द पेशव्याच्या मंडळींतूनही वार्ता बाहेर पडत होत्या. ऑक्टोबर १८१७ च्या अखेरीस पुण्यांतील तयारीची कुणकुण एल्फिन्स्टनला पुरती लागलेली होती. १ नोव्हेंबरला त्यानें फौज गारपिराहून खडकीस हलविली. आणि ५ नोव्हेंबरला स्वतः रेसिडेन्सी सोडून तिच्यांत जाऊन मिळाला. तो गेल्यावर मराठ्यांनीं संगमाचे बंगले जाळले. त्यांत त्याचीं पुस्तकें व कागद भस्म झाले, ही गोष्ट आमच्यासारख्यांस हळहळ लावणारी आहे. इमारत गेली, पण ज्या कामासाठीं ती होती तें काम पुरें होऊन चुकलें होतें. ठाण्यास इमारत राहिली व काम फसलें. संगमावर इमारत जळली व काम साधलें. एकाच सरकारचीं हीं दोन घरें, वर्षाच्या अंतरानें.

इंग्रजांनीं ह्यापासून धडा घेतला असें पुढील बंदोबस्तावरून दिसतें. १८१८ मध्यें त्रिंबकजी पुन्हां पकडले गेले, तेव्हां त्यांस मराठी मुलखांत ठेवलें नाहीं. गंगेकांठीं चुनारगडावर पाठविलें. हेबरनें १८२४ मध्यें त्यांस तेथें पाहिलें. पहारा गोरा व हिंदी असा दुहेरी होता, व कैद्यास क्षणभरही नजरेआड होऊं देत नसत, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. हिंदी पहारेकरी परत आले, कारण कान लागत होते. आणि स्थळ असें निवडलें कीं तेथें खिडकीखालून मराठींत गाणारा मोतद्दार मिळूं नये. खरा तट चुनारच्या खडकाचा नव्हता. मधल्या शेंकडों कोसांच्या परक्या बोलीचा होता. बाजीरावास ब्रह्मावर्तास, वासुदेव बळवंत फडक्यांस एडनला व १९०८ सालीं टिळकांस मंडालेस पाठविण्यांत हेतु अनेक असतील; पण ठाण्याच्या अनुभवानंतर त्यांतील एक हेतु आम्हांस तरी अंधारांत राहत नाहीं.

(८)

ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, व त्यामुळेंच त्याचा तट पुष्कळसा टिकून आहे. १८४८ सालीं राघोजी भांगरे आणि १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्यांस येथेंच फांशी देण्यांत आली. तुरुंग असल्यामुळें त्याची मोजणी, त्याचीं चित्रें व त्याचें आंतून निरीक्षण सहज होण्यासारखें नाहीं. म्हणून ठाण्याच्या किल्ल्याचा इतिहास दगडांत शोधण्यापेक्षां कागदांत व तोंडीं शोधावा लागेल, आणि त्याच्या स्वभावासही तेंच शोभतें.

आमच्या संग्राहक मित्रांस एवढेंच सांगावयाचें आहे. कल्याण, भिवंडी, अंजूर व साष्टी येथील जुन्या घरांतून रुमाल मिळतात तेव्हां सनदा, इनामपत्रें व महजर आधीं बाजूस काढले जातात. खर्चाचे ताळेबंद, जासुदांच्या अजुऱ्याच्या यादी व चिटोऱ्या मागें राहतात, आणि पुष्कळदां वाण्याच्या दुकानीं जातात. गुप्त गोष्ट पत्रांत नसते हें आपण जाणतों. पण ती नेणाऱ्यास कोठून कोठें धाडलें व कोणत्या दिवशीं किती मजुरी दिली, हें यादींत असतें. मुखजबानीचा माग लागला तर तो तेथेंच लागेल. तसेंच, ठाणें व कल्याण भागांतील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या तोंडीं घोडा, झाड व वाट पाहणारा सोबती असें एखादें गाणें असल्यास तें हंसून सोडूं नये. कोणापासून ऐकलें, कोठल्या गांवीं, हें विचारून शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. हेबरच्या पद्यावरून उलट मराठींत केलेलें कवन त्यांत मिसळण्याचा संभव आहे, म्हणून विचारपूस आधीं व आनंद मागाहून.

चार प्रसंगीं ह्या किल्ल्याचें नशीब ज्यांनीं फिरविलें, त्यांतील तटावर चढणाऱ्यांचीं नांवें आपणांजवळ आहेत. घोडा फिरवीत खिडकीखालून गेलेल्या माणसाचें नांव मिळवावयाचें आहे.